शेततळ्याचे पाणी पुन्हा पुन्हा हिरवे का होते?
औषध बदलण्याआधी पाणी ओळखा

वैशाखाचे ऊन माथ्यावर आलेले असते. रावेर-यावलकडे केळी निसवणीवर असते, धुळे-साक्रीकडे कांदा निघून डाळिंब किंवा लिंबूची बाग तगवायची असते. विहिरीने तळ गाठलेला, पण बांधावर शेततळे भरलेले आहे, म्हणून शेतकरी निर्धास्त असतो. अशा वेळी एक दिवस मोटार चालू करावी तर ठिबकच्या नळीच्या शेवटची वीस-पंचवीस झाडे कोरडीच राहतात. गाळणी उघडली की आत हिरवा चिखल. ड्रीपर काढून पाहिला तर तोंडाशी बुळबुळीत थर आणि त्यावर पांढरा खर. मग घरातली सगळी माणसे टाचण्या घेऊन ड्रीपर टोचायला बसतात. "पानी हिरवं व्हई गयं भाऊ, आते काय करानं?" हा प्रश्न खानदेशात आता दर उन्हाळ्यात ऐकू येतो.

उत्तरही ठरलेले असते. कोणी सांगतो मोरचूद टाका, कोणी सांगतो ब्लिचिंगची गोणी रिकामी करा. टाकल्यावर चार दिवस पाणी निवळते. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी मात्रा दुप्पट होते, तिसऱ्या वेळी दुकानदार नवीन बाटली देतो. पैसे जातात, शेवाळ राहते. आपल्याकडे म्हणतात तसे होते: रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला. रोग शेवाळाचा नाही, पाण्याचा आहे. पाणी न तपासता शेवाळावर औषध मारत राहिलो, तर ते पुन्हा येणारच.

या लेखात नेमके तेच समजून घ्यायचे आहे. शेवाळ कशावर जगते, मोरचूद आणि ब्लिचिंग आपल्या पाण्यात का हरतात आणि कोणते काम कोणत्या क्रमाने करावे, ते पाहू.

तळे म्हणजे उन्हात ठेवलेली परात

खानदेशात ठिबक नवे नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जळगावात ठिबकचा कारखानदारी प्रसार झाला आणि केळीचा पट्टा हळूहळू पाटपाण्यावरून नळीवर आला. शेततळी त्यानंतर वाढली. राज्य शासनाने २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आणली, तेव्हापासून ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल हे माप गावोगाव तोंडपाठ झाले. बाजूंना उतार असल्याने या तळ्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे ढोबळ मानाने २२ लाख लिटर पाणी मावते. तळाला आणि कडेला प्लास्टिक अंथरले की पाझर थांबतो.

पाझर थांबतो तसे आणखीही काही थांबते. पाणी वाहत नाही, बदलत नाही, जमिनीतून गाळले जात नाही. वर उघडे आभाळ आणि खाली काळे प्लास्टिक. शहरातल्या बंगल्यात पोहण्याचा हौद बांधणाऱ्यांना हीच अडचण येते. पाणी साचलेले, ऊन भरपूर आणि दर आठवड्याला हिरवटपणा. फरक एवढाच, की त्या हौदाला रोज गाळणारे यंत्र असते आणि रोज पाणी तपासणारा माणूस असतो. आपले तळे त्याच्यापेक्षा कितीतरी मोठे, पण त्याचे पाणी वर्षातून एकदाही तपासले जात नाही.

शिरपूर तालुक्यात ज्या पद्धतीने नाले रुंद-खोल करून पाणी जमिनीच्या पोटात मुरवले गेले, त्या पाण्याला शेवाळ धरत नाही. कारण साधे आहे, तिथे ऊन पोहोचत नाही. याचा अर्थ शेततळे वाईट असा नव्हे. उघड्यावर पाणी साठवायचे तर त्याची राखण करावी लागते, एवढेच. पीक राखतो, तसे पाणीही राखावे लागते.

शेवाळाला खत कोण घालतो?

शेवाळ ही वनस्पतीच आहे. तिला ऊन, पाणी, नत्र आणि स्फुरद लागते. ऊन आणि पाणी तळ्यात आहेच. नत्र-स्फुरद मात्र बहुतेक वेळा आपणच नेऊन देतो, फक्त आपल्या लक्षात येत नाही.

किती स्फुरद पुरते, त्याचा हिशेब डोळे उघडणारा आहे. साठलेल्या पाण्यात हजार लिटरमागे ०.०३ ग्रॅम स्फुरद झाले, की पाणी हिरवे व्हायला तयार होते असे धरतात. २२ लाख लिटरला हे प्रमाण होते ६६ ग्रॅम. डीएपी खतात शुद्ध स्फुरदाचा अंश साधारण पाचवा हिस्सा असतो. म्हणजे अर्धा किलोपेक्षाही कमी डीएपी अख्ख्या तळ्याला पुरून उरते! एक ओंजळभर खत बांधावर सांडले आणि पावसाने तळ्यात गेले, तरी काम होते.

हे खत तळ्यात येते कुठून? पाच वाटा तपासा.

पहिली, शेताचे वाहते पाणी. तळ्याचा काठ जमिनीपासून उंच नसेल, तर पहिल्या पावसात शेतातला गाळ आणि खत थेट आत उतरते. ज्या तळ्यात ओढ्याचे किंवा शेताचे पाणी घेतात, तिथे आत येण्याआधी गाळ बसायला एक खड्डा हवाच.

दुसरी, व्हेंचुरी. खत सोडताना वीज गेली आणि लाइनवर पाणी परत न येऊ देणारा व्हॉल्व्ह नसेल, तर नळीतले खतपाणी उलट तळ्यात येते. भारनियमन असलेल्या भागात हे किती वेळा होत असेल, त्याचा विचार करावा.

तिसरी, गाळणीचे धुणे. वाळूची गाळणी उलट्या पाण्याने धुतो, तेव्हा निघणारे हिरवे पाणी पाइप लावून पुन्हा तळ्यातच सोडलेले दिसते. पाणी वाचवण्यासाठी करतात, हेतू चांगला आहे. पण आज बाहेर काढलेले शेवाळ उद्याच्या शेवाळाचे बियाणे आणि खत दोन्ही होते. हे पाणी झाडाच्या आळ्यात सोडा.

चौथी, पालापाचोळा आणि जनावरे. काठावरचे लिंब-बाभूळ, पाण्यावर येणारी बदके-बगळे, पाणी प्यायला उतरणारी गुरे, हे सगळे तळ्याला खतच देतात.

पाचवी, मासे. शेततळ्यात मासे सोडा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. पण मत्स्यपालन करणारा तळ्यात मुद्दाम शेण टाकतो, कारण त्याला पाणी हिरवे हवे असते. तेच त्याच्या माशाचे अन्न. ठिबकवाल्याला पाणी निवळ हवे असते. एकाच तळ्याकडून दोन्ही कामे नीट होत नाहीत. ठिबकसाठीच तळे असेल तर मोजके चंदेरा आणि गवत्या सोडावेत. चंदेरा पाण्यातले बारीक शेवाळ गाळून खातो, गवत्या पाणवनस्पती खातो. पण त्यांना शेण, पेंड, कोंडा काहीही घालू नये. घातले तर मासे वाढतील आणि शेवाळही वाढेल.

हिरवा थर आणि पांढरा खर: एकाच घरातले दोघे

ड्रीपरच्या तोंडावरचा पांढरा खर हा शेवाळापेक्षा वेगळा रोग आहे, असा बहुतेकांचा समज असतो. खरे पाहता दोघांचे नाते जवळचे आहे.

आपल्या भागातल्या बहुतेक विहिरी-बोअरच्या पाण्यात चुन्याचे क्षार विरघळलेले असतात. घरच्या पाणी तापवायच्या बंबात जो पांढरा थर चढतो, तो हाच. हे क्षार पाण्यात विरघळून राहतात, कारण पाण्यात थोडा कर्बवायू असतो. आता शेवाळ काय करते? दिवसा उन्हात ते हा कर्बवायू ओढून घेते. कर्बवायू कमी झाला, की पाण्याचा सामू वर चढतो. सामू चढला, की विरघळलेला चुना पुन्हा दगड होऊन बसतो. तो पाइपात बसतो, गाळणीत बसतो आणि सगळ्यात आधी ड्रीपरच्या बारीक तोंडात बसतो. रात्री शेवाळ कर्बवायू बाहेर सोडते, तेव्हा सामू खाली येतो.

याचा पुरावा घरी मिळतो. सामू तपासायचा कागद दुकानात मिळतो. एकाच दिवशी सूर्य उगवायच्या वेळी आणि दुपारी तीनच्या सुमारास तळ्याचे पाणी तपासा. दोन्ही वेळा सामू सारखा आला, तर शेवाळ फारसे नाही. सकाळी आठाच्या आसपास आणि दुपारी नऊच्या पुढे गेला, तर पाणी डोळ्यांना हिरवे दिसत नसले तरी शेवाळ कामाला लागले आहे असे समजा.

यातून एक साधी गोष्ट निघते. दाट शेवाळाच्या दिवसांत ठिबक शक्यतो पहाटे किंवा सकाळी चालवा, भर दुपारी नको. त्या वेळी सामू कमी असतो आणि खर कमी बसतो. याला एक पैसाही लागत नाही. विजेचे वेळापत्रक आड येते, हे खरे. पण पाळी निवडायची संधी असेल तेव्हा सकाळची निवडा.

उन्हाळ्यात आणखी एक भर पडते. मे महिन्यात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडाले असे धरले, तरी भरलेल्या तळ्यातून रोज नऊ हजार लिटर जाते. पाणी उडते, क्षार मागे राहतात. म्हणून पौषात चाललेले पाणी वैशाखात ड्रीपर बंद पाडते. विहिरीचे पाणी बदललेले नसते, तळ्यातले बदललेले असते.

मोरचूद का हरते?

बोर्डो मिश्रण आपण सगळ्यांनी केले आहे. मोरचुदात चुना का टाकतो? मोरचुदाची धग कमी व्हावी, पाने जळू नयेत म्हणून. चुना तांब्याला धरून ठेवतो. आता तळ्याच्या पाण्यात चुना आधीच विरघळलेला आहे, सामूही आठाच्या वर आहे. अशा पाण्यात मोरचूद टाकले, की थोड्या वेळात तांबे त्या क्षारांना चिकटून तळाशी बसते. म्हणजे आपण २२ लाख लिटर अतिशय पातळ बोर्डो मिश्रण तयार करतो! शेवाळाला दोन दिवस झटका बसतो, मग मारायला पाण्यात तांबेच उरत नाही. मऊ पाण्यात मोरचूद चांगले काम करते, क्षाराच्या पाण्यात ते लवकर निकामी होते.

दुसरा तोटा याहून मोठा आहे. शेवाळ एकदम मेले, की ते तळाशी कुजते. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे वर येऊन तोंड उघडू लागतात आणि मरतात. कुजलेल्या शेवाळातले नत्र-स्फुरद पुन्हा पाण्यात उतरते. पंधरा दिवसांनी येणारे शेवाळ त्याच खतावर वाढलेले असते.

अगदीच गरज पडली तर मोरचुदाची मात्रा मोजून घ्यावी. हजार लिटरला एक ग्रॅम या प्रमाणाने पूर्ण भरलेल्या तळ्याला २ किलो २०० ग्रॅम लागते. मात्र तळे निम्मे असेल तर निम्मेच. शेवाळ कोवळे असताना, सकाळी, एका वेळी तळ्याच्या निम्म्याच भागात द्यावे आणि राहिलेले आठ-दहा दिवसांनी. मासे असतील तर, किंवा ते पाणी माणसे-जनावरे पीत असतील तर, मोरचूद नकोच. तळाशी साठलेले तांबे कुठे जात नाही, दर वर्षी वाढत राहते, तेही ध्यानात ठेवा.

ब्लिचिंग का हरते?

ब्लिचिंग पावडरमध्ये ताजी असताना सुमारे ३३ टक्के क्लोरिन असतो. पत्र्याच्या शेडमध्ये उघडी पडलेली गोणी महिन्या-दोन महिन्यांत निम्मी होते. ती पांढरी दिसते आणि वासही येतो, पण दम नसतो.

समजा, पावडर ताजी आहे. तळ्याला हजार लिटरमागे दोन ग्रॅम क्लोरिन द्यायचा तर सव्वातेरा किलो पावडर लागेल. ती टाकली की तीन शत्रू तिची वाट पाहत असतात. पहिला सामू. सामू ७ असताना क्लोरिनचा तीन-चतुर्थांश भाग मारक रूपात असतो. साडेआठला तो दहाव्या हिश्श्यावर येतो आणि ९ ला शंभरात तीन-चार भाग. दुसरा ऊन. भर उन्हात उघड्या पाण्यातला निम्म्याहून जास्त क्लोरिन तासाभरात उडतो. तिसरे शेवाळ आणि गाळ, ते उरलेला क्लोरिन खाऊन टाकतात. म्हणजे सव्वातेरा किलोतल्या जेमतेम किलो-दीड किलोचे काम होते. शिवाय ब्लिचिंगमधला चुना पाण्यात उतरतो आणि खर वाढवतो.

म्हणून सूत्र असे धरावे: क्लोरिन तळ्यात नको, नळीत द्या. नळीत ऊन नाही, पाणी मोजके आहे आणि जिथे अडले आहे तिथेच औषध पोहोचते.

काय करावे, कोणत्या क्रमाने?

*आधी रोग ओळखा.* बंद पडलेले चार ड्रीपर काढा. त्यांवर सौम्य आम्लाचे दोन थेंब टाका. फसफस झाली तर क्षार. फसफस नाही आणि बोटाला बुळबुळीत लागले तर शेवाळ. दोन्ही असेल तर दोन्ही उपाय करायचे आहेत, पण वेगवेगळ्या दिवशी.

*मग खताच्या वाटा बंद करा.* वरच्या पाचही. हे न करता पुढचे काही टिकत नाही.

*शेवाळ काढा, मारू नका.* गोधडीसारखे तरंगणारे शेवाळ जाळी किंवा साडीचा पदर लावून काठाला ओढा आणि बाहेर काढून खड्ड्यात टाका. त्याचे चांगले कंपोस्ट होते. त्याच्याबरोबर तळ्यातले नत्र-स्फुरदही बाहेर येते. औषधाने मारलेले शेवाळ मात्र सगळे आतच राहते.

*फुटबॉल तरंगता ठेवा.* फूटव्हॉल्व्ह, ज्याला आपण फुटबॉल म्हणतो, तळाशी टेकलेला असेल तर गाळ ओढतो आणि अगदी वर असेल तर शेवाळ ओढतो. रिकाम्या प्लास्टिकच्या कॅनला बांधून तो पाण्याच्या पातळीखाली दीड-दोन फुटांवर लटकता ठेवा. पाणी उतरेल तसा तोही उतरतो.

*तळ्याच्या पाण्याला वाळूची गाळणी हवीच.* बोअरसाठी घेतलेली नुसती जाळीची गाळणी शेवाळाला पुरत नाही. शेवाळ जाळीवर चिकटते, दाबाने फाटते आणि पलीकडे जाऊन पुन्हा वाढते. वाळूच्या गाळणीच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक नेहमीपेक्षा अर्धा किलोने वाढला, की उलट्या पाण्याने धुवा. दाबमापक नसेल तर आधी तो बसवा. दाबमापकाशिवाय ठिबक म्हणजे काट्याशिवाय घड्याळ.

*क्षारांसाठी आम्ल.* आधी बादलीत चाचणी घ्या. दहा लिटर पाणी घेऊन त्यात एक-एक मिली व्यापारी हायड्रोक्लोरिक आम्ल टाकत जा आणि सामू ४ पर्यंत आणा. समजा, ६ मिली लागले. मोटारीचा प्रवाह तासाला १० हजार लिटर असेल तर पंधरा मिनिटांत २,५०० लिटर पाणी जाते. त्याला दीड लिटर आम्ल लागेल. ते पाण्यात मिसळून व्हेंचुरीतून पंधरा मिनिटांत जाईल असे सोडा, शेवटच्या ड्रीपरला सामू तपासा, मोटार बंद करा, चोवीस तास थांबा. नंतर नळ्यांची तोंडे उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा. तुमच्या पाण्याला ६ मिलीच लागेल असे नाही. म्हणून बादलीची चाचणी चुकवू नका.

*शेवाळासाठी क्लोरिन.* इथे पावडरपेक्षा द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट बरे, त्यात चुना नसतो. हजार लिटरला २० ग्रॅम क्लोरिन या हिशेबाने अर्धा तास द्यायचे. तासाला १० हजार लिटरच्या मोटारीला अर्ध्या तासात पाच हजार लिटर, म्हणजे १०० ग्रॅम क्लोरिन. दहा टक्क्यांचे द्रावण असेल तर एक लिटर. शेवटच्या ड्रीपरच्या पाण्याला क्लोरिनचा वास आला, की बंद करून रात्रभर ठेवा आणि सकाळी नळ्या धुवा.

या चार चुका जिवावर बेततात

एक. आम्ल आणि क्लोरिन कधीही एकत्र करू नका. एका बादलीत नको, एका टाकीत नको, एका दिवशीही नको. दोघांतून निघणारा विषारी वायू बंद खोलीत माणूस मारू शकतो.

दोन. आम्ल नेहमी पाण्यात ओता, पाणी आम्लात ओतू नका. हातमोजे आणि चष्मा घाला. क्लोरिनबरोबर युरिया किंवा अमोनियाची खते देऊ नका.

तीन. पाण्यावर निळसर हिरवी, रंग सांडल्यासारखी साय आली आणि घाण वास सुटला, तर ते साधे शेवाळ नसेल. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती विषारी असतात, ते पाणी पिऊन जनावरे मरतात. गुरे तिथून दूर बांधा, पोरांना त्यात उतरू देऊ नका.

चार, आणि ही सर्वांत मोठी. शेवाळलेले प्लास्टिक तेल लावल्यासारखे निसरडे होते. उतारावर पाय घसरला की पट्टीचा पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही, कारण हाताला धरायला काही नसते. शेततळ्यात बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात छापाव्या लागतात. कधी पोहायला गेलेली पोरे, कधी पाणी काढायला वाकलेली बाई, कधी वाचवायला उडी घेतलेला बापच. शेवाळ काढायला एकट्याने उतरू नका. चारही बाजूंना काठाला पक्का बांधलेला गाठींचा दोर किंवा जुन्या टायरांची शिडी पाण्यापर्यंत सोडून ठेवा. तळ्याला तारेचे कुंपण करा. तळ्याला लाखोंचा खर्च झाला असेल, तर दोर आणि टायर यांचा खर्च त्यात मोजण्यासारखाही नाही.

झाकता येईल तितके झाका

उन्हाला अडवले तर शेवाळ अर्धे संपते. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराने २०१५ साली आपल्या एका पिण्याच्या पाण्याच्या जलाशयावर सुमारे ९ कोटी ६० लाख काळे प्लास्टिकचे गोळे सोडले. पाण्याचे बाष्पीभवन कमी व्हावे म्हणून ही बातमी गाजली, पण त्यांचा एक हेतू ऊन अडवून शेवाळ आणि क्लोरिनच्या उपद्रवी संयुगांना आवर घालणे हाही होता. आपल्याला गोळे परवडणार नाहीत. मोठ्या तळ्यावर शेडनेटही महाग पडते आणि वाऱ्याने फाटते. पण तळ्यातून पाणी आधी एका लहान टाकीत घेऊन तिथून ठिबकला देत असाल, तर ती टाकी मात्र पूर्ण झाका. झाकलेल्या टाकीत दोन दिवस थांबलेले पाणी बरेच निवळते.

ग्रामपंचायतीसाठी दोन शब्द

गावच्या पिण्याच्या टाकीचे गणित वेगळे आहे. तिथे मोरचूद नाही, आम्ल नाही. तिथे झाकण, धुलाई आणि टीसीएल. टाकीचे झाकण तुटले असेल तर ऊन आत जाते आणि भिंतीला शेवाळ धरते, मग कितीही पावडर टाकली तरी ती शेवाळच खाते. हजार लिटरला पाच ग्रॅम ताजी पावडर, मिसळल्यावर अर्धा तास थांबणे आणि शेवटच्या नळाला ओटी चाचणीत ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन दिसणे, हा नियम जलसुरक्षकाला ठाऊक असतो. पण पावडरीतला क्लोरिन २० टक्क्यांखाली गेला असेल तर ती पावडर वापरायची नसते, हे अनेकदा विसरले जाते. साठ्यावर खरेदीची तारीख लिहा. आणि गुरांच्या हौदात चुना-मोरचुदाऐवजी ब्रश वापरा. आठवड्याला रिकामा करून घासलेल्या हौदाला शेवाळ लागत नाही.

वही ठेवा

जळगावला ममुराबाद आणि रावेर तालुक्यात पाल येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत, धुळ्यातही कृषी महाविद्यालयाशी जोडलेले केंद्र आहे. तळे भरल्यावर एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा पाण्याचा नमुना तपासून घ्या. सामू, क्षारता, चुना-मॅग्नेशियम आणि नायट्रेट एवढे पाहिले तरी पुरे. ज्या विहिरीभोवती वर्षानुवर्षे युरिया पडला आहे, तिच्या पाण्यात नायट्रेट असू शकते आणि तेच तळ्यातल्या शेवाळाचे खत होते. पिण्याच्या पाण्यात ही मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ती विहीर घरच्या हंड्यासाठीही तपासून घ्यावी.

आणि शेवटचे, सगळ्यात स्वस्त. दोन रुपयांच्या पेनाने वहीत लिहा: तारीख, सकाळचा सामू, दुपारचा सामू, गाळणी कधी धुतली, काय टाकले, किती टाकले, किती दिवस टिकले. एका हंगामाची ही वही हातात असेल, तर पुढच्या वर्षी दुकानदाराला "काय देऊ?" विचारायची वेळच येणार नाही. काय द्यायचे आणि बहुतेक वेळा काय द्यायचे नाही, हे वहीच सांगेल.

केळीला पाणी मापून देतो, खत मापून देतो. तेच पाणी ज्या तळ्यातून येते, ते मात्र डोळ्यांनी बघून चालवतो. या उन्हाळ्यात तेही मापून बघा.